चिंच लावलेले प्लग

वेलिंग्टनशेजारच्या लोअर हट गावात वाऱ्याला सुट्टी नसते. समुद्र तसा रमणच्या घरापासून लांब, मध्ये पेटोनीची सगळी वस्ती. तरी दक्षिणेकडून वारा सुटला की खिडक्यांच्या काचांवर खारट पापुद्रा धरतो, गाड्यांचे पत्रे गंजतात आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या बागांमधल्या दिव्यांच्या जोडांवर हिरवा थर चढतो. हा हिरवा थर काढण्यावर रमण टिपणीसचं घर चालतं. म्हणजे अर्धं. उरलेलं अर्धं त्याच्या बायकोच्या, सुचित्राच्या, वेलिंग्टनमधल्या आयटीच्या नोकरीवर चालतं, आणि खरं सांगायचं तर ते अर्धं जरा मोठंच आहे.

पुण्यात बिबवेवाडीला मात्र त्याच्या आईने अख्ख्या सोसायटीला सांगून ठेवलं होतं की रमण तिकडे लायटिंग इंजिनीअर आहे. तिला तरी काय म्हणायचं? तिला तसं रमणनेच सांगितलं होतं. इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन तो इथे पुढच्या डिप्लोमासाठी आला, डिप्लोमा झाला, आणि मग जिथे जाईल तिथे त्याला एकच प्रश्न ऐकू यायचा, इथला अनुभव आहे का. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. काही दिवस त्याने एका डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध-पाव विकले. तिथे रोज सकाळी गरम ‘पाय’, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, मिळायची म्हणून येणाऱ्या ग्रेगशी ओळख झाली. ग्रेगची बागेतले दिवे लावायची आणि सांभाळायची छोटी कंपनी होती. ‘काही दिवस ये,’ तो म्हणाला. ते काही दिवस अजून चालूच आहेत.

या दिव्यांच्या वायरी लांबच लांब असतात आणि ठिकठिकाणी प्लगांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. प्लगात पाणी शिरू नये म्हणून रबराची रिंग असते. ती रिंग कडक झाली की पाणी शिरतं, पाण्याबरोबर मीठ शिरतं, पिना हिरव्या होतात आणि एवढ्याशा प्लगापायी सगळी बाग अंधारात जाते. मग लग्नाचं जेवण अर्ध्यावर असताना हॉटेलवाला ग्रेगला फोन करतो आणि ग्रेग रमणला. उन्हाळाभर हे असं. हिवाळ्यात बागा ओस पडल्या की वायरी काढून आणायच्या आणि एकेक प्लग उघडून साफ करायचा. ग्रेगचं वर्कशॉप म्हणजे एक खोकं. तिथे हलायला जागा नाही. म्हणून रमण प्लास्टिकचे टब भरून माल घरी आणायचा आणि गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसून टूथब्रशने पिना घासायचा.

हे काम त्याला आवडायचं, हीच तर गंमत. बोटांना नुसतं लागलं तरी त्याला कळायचं की ही रिंग अजून एक हिवाळा काढेल आणि ही नाही काढणार. पण आईशी व्हिडिओ कॉल करायचा म्हटला की हा गृहस्थ ग्रीसचे हात धुऊन, कॉलरचा शर्ट चढवून, घरातल्या पुस्तकांच्या कपाटासमोर बसायचा. सुचित्रा स्वयंपाकघरातून हसायची. म्हणायची, “रमण, खाली शॉर्ट्स आणि पायात जँडल्स आहेत हे कॅमेऱ्यात दिसत नाही, यू आर लकी.”

नाना गेले, म्हणजे रमणचे वडील, तेव्हा तो पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आई दारातच उभी होती. त्याला बघून ती म्हणाली, “दमला असशील, आधी आंघोळ कर.” त्या वाक्याने तो असा मोडला की तिथेच त्याने ठरवलं, आईला आता एकटं ठेवायचं नाही. पालकांना लांब मुदतीने राहता येईल असा व्हिसा असतो, त्यासाठी धावपळ करायची त्याची तयारी होती. आईची नव्हती. मग तडजोड निघाली. “आधी नुसती फिरायला ये,” तो म्हणाला. “एक हिवाळा काढून बघ. जमलं तर कायमचं बघू, नाही जमलं तर तुझं घर आहेच.” आई म्हणाली, बघू. ‘बघू’ हा शब्द तिच्या तोंडून आला म्हणजे निम्मं काम झालं, हे रमणला लहानपणापासून माहीत होतं.

आई उन्हाळ्याच्या शेवटाला आली. पहिले काही आठवडे झोकात गेले. समुद्र बघून झाला, डोंगरावरची केबल कार बघून झाली, सुपरमार्केटमधली एकसारखी सफरचंदं बघून झाली. मग सगळे आपापल्या कामाला लागले आणि आई घरात उरली. त्या घरात तिला करण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. भांडी मशीन धुवायचं, कपडे मशीन वाळवायचं, जमीन एक गोल यंत्र सरपटत फिरून झाडायचं. स्वयंपाक सुचित्रा रविवारी एकदम करून डबे भरून ठेवायची. आईने एकदा पोळ्या केल्या तर सगळ्यांनी तिचं इतकं कौतुक केलं की ती पाहुणी आहे हेच तिच्या नीट लक्षात आलं.

“मला काहीतरी काम दे रे,” ती रमणला म्हणायची.

“आई, आयुष्यभर केलंस ना. आता आराम कर.”

आराम म्हणजे काय, तर खिडकीशी बसून पलीकडच्या कुंपणाकडे बघणं. कुंपणापलीकडची बाई दिसली की हात हलवून “किया ओरा” म्हणायचं, हे नात श्रियाने शिकवलं होतं. श्रिया अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. आजी विचारणार, “आज शाळेत काय झालं गं?” आणि श्रिया म्हणणार, “हीप्स ऑफ स्टफ, आजी,” की संपलं. शहाण्यासुरत्या रमणला एवढं दिसायला हवं होतं की सत्तरी ओलांडलेल्या बाईला खुर्चीत बसवून ठेवणं हे काही सुख नव्हे. पण त्याला वाटायचं, आईला आपण सुखात ठेवलंय.

हिवाळा लागला. टब घरी येऊ लागले. आई झोपल्यावर किंवा सुचित्राबरोबर देवळात गेल्यावर गॅरेजमध्ये बसायचं, असं लपूनछपून काही दिवस चाललं. पण एका शनिवारी दुपारी गॅरेजचं आतलं दार उघडलं आणि शाल घट्ट ओढून आई उंबऱ्यात उभी राहिली. रमण उलट्या बादलीवर, हातात टूथब्रश, मांडीवर जुना टॉवेल.

“हे काय करतोयस?”

रमणने टूथब्रश टॉवेलखाली सरकवला. “ऑफिसचं... जरा चेकिंग,” तो म्हणाला.

आईने टबात वाकून बघितलं. एक प्लग उचलला, डोळ्यांजवळ नेला. “हिरवं चढलंय,” ती म्हणाली. “हे तर देवाची उपकरणी घासण्यातलं काम. सरक जरा.” तिने कोपऱ्यातली श्रियाची जुनी खुर्ची ओढली आणि बसली. लायटिंग इंजिनीअर कुठे गेला, वगैरे एक अक्षर नाही.

रमणने शिकवलं आणि ती शिकली. वायर कुठेही जोडलेली नाही ना ते आधी बघायचं. प्लगाची कडी फिरवून तो उघडायचा. सुकी माती आणि हिरवी भुकटी मऊ ब्रशने झाडायची. मग स्प्रे मारायचा, वाळू द्यायचं. रबराची रिंग बोटाने चाचपायची, चिरली असेल तर नवी बसवायची, तिच्यावर ग्रीसचं नुसतं बोट फिरवायचं, जास्त नाही. शेवटी प्लग मिटायचा, कट्ट आवाज आला पाहिजे, आणि एक हिसका देऊन बघायचं. आईला तो हिसका फार आवडायचा. ती दर वेळी गरजेपेक्षा जरा जोरातच हिसका द्यायची आणि म्हणायची, “आता काय सुटतोय मेला!”

रमणला ते दिवस अजून आठवतात, आणि आठवले की त्याला नीट बसवत नाही. गॅरेजमध्ये छोटा हीटर, बाहेर वारा पत्र्यावर थापा मारतोय, आणि माय-लेक आमनेसामने बसून घासताहेत. हात कामात असले की आई बोलायची. खुर्चीत बसवून “आई, काहीतरी सांग ना” म्हटलं असतं तर तिने एक वाक्य सांगितलं नसतं. इथे आपोआप यायचं. एकदा तिने नानांचं सांगितलं. रमण शाळेत असताना नानांची कंपनी बंद पडली होती. पुढे कित्येक महिने नाना रोज डबा घेऊन कामावर जातो म्हणून निघायचे आणि एका मित्राच्या छापखान्यात पत्रिकांना घड्या घालत बसायचे.

“तुला कधी कळलं?” रमणने विचारलं.

“पहिल्याच आठवड्यात. नखांत शाई असायची.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलून काय करायचं होतं? डबा भरून देत होते की मी.” आईने प्लग मिटला, हिसका दिला. “घड्या मात्र फार सुरेख घालायचे हो. तुझ्या मुंजीच्या पत्रिकांनाही त्यांनीच घातलेल्या.”

रमण खाली मान घालून घासत राहिला. आपली कॉलर आणि पुस्तकांचं कपाट तिला किती दिवसांपासून माहीत होतं, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही. पण त्या दिवसापासून पुण्याहून कोणा नातेवाइकाचा कॉल आला तरी तो ग्रीसच्या हातांनीच उचलू लागला.

आणि मग एका संध्याकाळी, काहीही न विचारता, आई म्हणाली, “पुढच्या हिवाळ्यात ही खुर्ची नको बाबा. पाठ धरते. जरा बरी बघून ठेव.” नजर लागेल अशी भीती वाटल्यासारखा रमण पुढचा प्लग घासू लागला. रात्री त्याने सुचित्राला सांगितलं. सुचित्रा इथल्या लोकांसारखी म्हणाली, “स्वीट अ‍ॅज! आता उगाच घाई करू नकोस, तिला स्वतःला म्हणू दे.” दोघं लहान मुलांसारखी खूश होती.

तर असं सगळं जुळून आलेलं.

तो शुक्रवार होता. सकाळी ग्रेगने रमणला ऐकवलं होतं. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलच्या अंगणातली नुकतीच बसवलेली दिव्यांची माळ दोनदा बंद पडली होती, आणि हॉटेलवाल्याने ग्रेगला नाही नाही ते सुनावलं होतं. ग्रेग स्वभावाने वाईट नाही, पण त्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर विचारलं, “हे प्लग नक्की तूच साफ केलेस ना?” रमण म्हणाला, हो. खरं म्हणजे निम्मे आईने केले होते, आणि ते चांगलेच झाले होते. नंतर कळलं की दोष ट्रान्सफॉर्मरचा होता. पण तो दिवसभर त्याच्या मनात हाच किडा वळवळत राहिला. त्याच हॉटेलच्या बागेचा आणखी एक मोठा टब घरी पडला होता आणि सोमवारी तो द्यायचा होता. वारा असा की गाडी रस्त्यावर हेलकावत होती. रमण घरी आला तेव्हा त्याचं डोकं आधीच तापलेलं होतं.

गॅरेजमध्ये दिवा लागलेला. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली आणि त्यांवर ओळीने मांडलेले सगळे प्लग. सगळा टब. आई खुर्चीत, पदर खोचलेला, हाताची बोटं चॉकलेटी झालेली. शेजारी श्रिया मांडी घालून बसलेली.

“डॅड, लुक! दे आर सो शायनी!”

चमकत होतेच. पिना अशा लख्ख, तांबूस, जशी दिवाळीच्या आदल्या दिवशी समई असते. आई त्याच्याकडे बघत होती, आता हा काय म्हणतो म्हणून. तिच्या पायाशी एका वाटीत भिजवलेली चिंच होती, दुसरीत मीठ, आणि स्वयंपाकघरातली तारेची घासणी.

आपल्या घरात पितळ-तांबं असंच घासतात. चिंच, मीठ आणि मनगटातला जोर. ब्रशने हिरवं पूर्ण निघत नाही हे आईला पहिल्या दिवसापासून खुपत होतं, तिने एकदोनदा म्हटलंही होतं, “हे तुमचं वरवरचं काम.” आज सकाळी निघताना, सोमवारी द्यायच्या टबाच्या काळजीने उतरलेला रमणचा चेहरा बघून तिच्या मनात आलं, पोराचं काम हलकं करावं. दुपारी श्रिया शाळेतून आल्यावर दोघी बसल्या आणि सगळा टब संपवला. नातीशी इतका वेळ ती या देशात आल्यापासून बोलली नव्हती. श्रियाने मधूनमधून चक्क मराठीत उत्तरं दिली होती. हे सगळं रमणला नंतर कळलं. त्या क्षणी त्याला फक्त पिना दिसल्या. वरचं पांढरं आवरण खरवडून गेलेलं आणि आत मिठाचं पाणी.

“आई! काय केलंस हे!”

“का रे?”

“का रे काय? मीठ? मीठ लावलंस? अगं मिठानेच तर वाट लागते यांची, मी मीठ काढतो आणि तू... वरचं प्लेटिंग घालवलंस सगळं. हे काय देवघरातलं ताम्हण आहे?” त्याचा आवाज चढत गेला आणि चढतोय हे त्याला कळत होतं. “कस्टमरचं काम आहे हे. तुला कळत नाही तर हात कशाला लावायचा? कोणी सांगितलं होतं? तुला आराम करायला आणलंय ना इथे? मग आराम कर ना!”

श्रिया उठून उभी राहिली. आईने खाली ठेवलेल्या वाट्या उचलल्या, एकात एक ठेवल्या. “चुकलंच माझं,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा. “तुझं जेवण काढते.” ती आत गेली आणि बराच वेळ नळाखाली हात धुण्याचा आवाज येत राहिला.

काय लागतं असलं बोलायला? काही लागत नाही. बाहेर ज्याला बोलता येत नाही त्याचं घरी आणून टाकायचं, एवढंच. रमणला रागातसुद्धा ठाऊक होतं की तो हे ग्रेगला बोलतोय, हॉटेलवाल्याला बोलतोय, अनुभव आहे का विचारणाऱ्या त्या सगळ्या टेबलांमागच्या माणसांना बोलतोय. ऐकायला मात्र आई होती.

शनिवारी त्याने सगळे प्लग कोमट पाण्यात दोनदा धुतले, पुसले, हीटरपुढे वाळवले, स्प्रे मारला. बरेचसे वापरण्याजोगे होते. जे फार खरवडले गेले होते त्यांची तोंडं कापून त्याने नवी बसवली; त्यात अर्धा रविवार गेला, बस. सोमवारी त्याने ग्रेगला भीत भीत सांगितलं. ग्रेग पोट धरून हसला. “टॅमरिंड? युअर मम्स अ लेजंड!” आणि म्हणाला, त्या हॉटेलचे जुने प्लग तसेही आपण टाकूनच देणार होतो. मग शुक्रवारच्या बोलण्याबद्दल त्याने माफीही मागितली, जाता जाता, शिंकल्यावर ‘सॉरी’ म्हणतात तितक्या सहज.

ग्रेगला जे जमलं ते रमणला जमलं नाही. आपल्या घरांमध्ये मुलगा आईची माफी मागत नाही. म्हणजे मागू नये असं कोणी म्हणत नाही, पण मागायची कशी हे कोणी करून दाखवलेलं नसतं. नानांनी कधी आईची मागितली नाही. चिडले की दुसऱ्या दिवशी गजरा आणायचे. रमण त्या संध्याकाळी घरी येताना एका दुकानातून मेरिनो लोकरीचे मोजे घेऊन आला. चांगले, महागातले. “तुझे पाय गार पडतात ना,” तो म्हणाला.

“छान आहेत,” आई म्हणाली. तिने ते लगेच पायात घातले. रमणला वाटलं, मिटलं.

गॅरेजमध्ये काम करताना त्याला एकदम सुचलं, आणि तो हातातला प्लग धरून तसाच बसला. प्लेटिंग, प्लेटिंग म्हणून आपण जे ओरडलो ती कल्हई. दुसरं काय? तांब्यावर कथिलाचा थर. कल्हई केलेलं पातेलं आतून तारेने खसाखसा घासायचं नसतं हे आईला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिनेच घरातल्या सगळ्या मोलकरणींना ते शिकवलं होतं. पहिल्या दिवशी तो नुसतं म्हणाला असता, “आई, यांना कल्हई असते हं,” तर ती चिंचेच्या वाटेला गेली नसती. शुक्रवारी म्हणाला असता तरी तिने कपाळावर हात मारून घेतला असता आणि तीच आधी हसली असती. तो उठला. आत जाऊन सांगावं असं त्याला फार वाटलं. आत आई टीव्हीसमोर बसली होती, टीव्ही बंद होता. तो म्हणाला, “आई, येतेस का जरा? थोडेच आहेत.”

“नको रे,” ती म्हणाली. “तुझं काम खोळंबेल.”

तो परत गेला. उद्या सांगू, त्याने ठरवलं. उद्या वारा होता, परवा श्रियाचं पोहणं होतं. मग इतके दिवस गेले की कल्हईचा विषय काढायचा तर आधी शुक्रवारचा काढावा लागला असता, आणि तो काढायचा त्याला धीर होईना. माणूस स्वतःला किती सवलती देतो, काही विचारू नका.

आई रागावली नव्हती. रागावली असती तर सोपं झालं असतं. ती सगळ्यांशी पूर्वीसारखीच बोलायची, हसायची, कुंपणापलीकडच्या बाईला हात करायची. फक्त आता ती कामाचं विचारत नव्हती. सांगितल्याप्रमाणे आराम करत होती. श्रियाने एकदा आजीला गॅरेजमध्ये ओढत न्यायचा प्रयत्न केला तेव्हा ती म्हणाली, “बाबाचं महत्त्वाचं असतं गं ते, आपण नको मध्ये जायला.” श्रियाने बापाकडे असं बघितलं की त्याला चहाचा कप धुवायला जावं लागलं.

हिवाळा सरत आला तेव्हा रमणने विषय काढला. व्हिसाचं आता सुरू करू का?

“राहू दे इतक्यात,” आई म्हणाली. “थंडी सोसत नाही रे. आणि तिकडे घर बंद पडलंय, कसर लागेल सगळ्याला.”

“पण तू तर पुढच्या हिवाळ्याचं म्हणत होतीस.”

“म्हणत होते खरी.”

रात्री सुचित्रा म्हणाली, “इट्स नॉट द कोल्ड, रमण.”

“माहितीये मला.”

“मग जाऊन बोल ना तिच्याशी!”

“काय बोलू?”

सुचित्राने दिवा मालवला. “तेही मीच सांगू?” ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

विमानतळावर आईने श्रियाला जवळ घेतलं, सुचित्राच्या पाठीवरून हात फिरवला, रमणला म्हणाली, “तब्येतीला जप. त्या बादलीवर बसून पाठ जाईल तुझी.” त्याने वाकून नमस्कार केला. वाकलेला असताना त्याला वाटलं आता म्हणावं, इथेच, मान खाली आहे तोवर. मागून कोणाची तरी ट्रॉली आली आणि सगळ्यांना बाजूला व्हावं लागलं.

त्याला आता वर्ष होईल. यंदाच्या हिवाळ्याचे टब आले आहेत. श्रिया कधी कधी येऊन बसते, पण तिला कंटाळा येतो, आणि तिने कंटाळू नये असं म्हणणारा तरी हा कोण? आईशी बोलणं होतं. ती बरी आहे. सोसायटीतल्या एका नोकरी करणाऱ्या मुलीचं बाळ दिवसभर तिच्याकडे असतं, त्याला आंघोळ घालणं, भरवणं, झोपवणं. सांगताना ती दमलेली असते आणि तिच्या आवाजाला धार असते, जी इथे त्या शेवटच्या दिवसांत पार गेली होती.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी तो गॅरेजमधून तिच्याशी बोलत होता. फोन डब्याला टेकवून ठेवलेला, हात ग्रीसचे. तिकडे दुपार होती, बाळ झोपलं होतं. तो पुन्हा म्हणाला, “आई, ये ना आता. कायमचीच ये.”

आईने बाळाचं पांघरूण सारखं केलं. मग ती म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, “एक विचारू का रे? तुला मी तिथे कशाला हवी आहे?”

रमण सांगायला लागला. इथे डॉक्टर चांगले आहेत. हवा स्वच्छ आहे. तिथे एकटी असताना काही झालं तर कोण आहे? श्रियाचं मराठी सुधारेल. सुचित्रालाही बरं वाटेल. घरात खाली एक खोली काढली आहे, जिना चढायला नको. मंडळाचा गणपती असतो, तुझ्या वयाच्या बायका असतात. तो सांगत गेला आणि आई ऐकत गेली, मध्ये हं म्हणत. त्याचं सांगून संपलं.

“हो रे, सगळं खरं आहे,” आई म्हणाली. ती फोनकडे आणखी वाकली. पडद्यावर तिचा चेहरा अगदी जवळ होता. मग म्हणाली, “चल, बाळ उठलं वाटतं. ठेवते.”

फोन बंद झाला आणि वाक्य तेव्हा त्याच्या तोंडाशी आलं. मला तू समोर बसलेली हवी आहेस. बाकी काही नाही. डॉक्टर नको, मराठी नको, हवा नको. मी इथे घासत बसेन आणि तू समोर बस, काही कर, चुकीचं कर, सगळं बिघडव. त्याने ग्रीसच्या बोटानेच पुन्हा नंबर लावला. आईने लगेच उचलला.

“काय रे? काय राहिलं?”

तिच्या कडेवर बाळ होतं, तिच्या चष्म्याशी खेळत होतं. आई फोनमधून रमणकडे बघत थांबली होती. रमणने तोंड उघडलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “तुझे गुडघे कसे आहेत, विचारायचं राहिलं.”

“बरे आहेत,” आई म्हणाली. “जेवून घे वेळेवर.”